आधी तारीख, मग फोन

धाराशिव जिल्ह्यातल्या माझ्या मावशीच्या घरी फोन एकच आहे आणि तो दिवसभर मुलाच्या खिशात असतो. रात्री देवळीत चार्जिंगला लागतो तेव्हाच काय तो मावशीच्या हाती येतो. गेल्या पावसाळ्यात मी तिथे मुक्कामाला असताना त्यावर एक ध्वनिमुद्रित आवाज आला. "नमस्कार, आपल्या आरोग्यासाठी एक महत्त्वाची माहिती..." एवढे शब्द पुरे होतात न होतात तोच तिने "कंपनीचा हाय" म्हणत फोन पालथा घातला आणि ती पुन्हा शेंगा फोडायला बसली. थोडे ऐकून तरी घ्यायचे, असे मी म्हटल्यावर ती म्हणाली, "त्यो आपलंच बोलायलाय की. मला कुठं विचारायलाय?"

तिचा आक्षेप रास्त होता, आणि आता येऊ घातलेले तंत्र हाच आक्षेप दूर करण्याचा दावा करते. गर्भवती स्त्रियांसाठी २०१६पासून देशपातळीवर सुरू झालेली 'किलकारी' ही ७२ ध्वनिसंदेशांची मालिका होती. ऐकणारीने ऐकायचे, एवढेच तिचे काम. नवा आभासी आरोग्य-सहायक, म्हणजे माणसासारखा बोलणारा संगणक-कार्यक्रम, मात्र प्रश्न विचारतो, मध्येच थांबवले तर थांबतो, अडखळत दिलेले उत्तर समजून घेतो, आणि त्याला हाका मारून कंटाळा येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४मध्ये 'सारा' नावाची अशी एक बोलकी सहायिका आणली. सकस आहार, तंबाखू सोडणे, मनावरचा ताण या विषयांवर ती आठ भाषांत बोलते. त्यांत हिंदी आहे, मराठी नाही. तिची उत्तरे प्रत्येक वेळी अचूक असतीलच असे नाही, हेही संघटनेने सुरुवातीलाच सांगून ठेवले. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी पडद्यावर बोलणारा असा सहायक तयार केला. मराठवाड्यातही कर्करोगाची तपासणी आणि खाण्यापिण्याच्या सवयी यांसाठी असे सहायक आणावेत, ही सूचना आज ना उद्या येणार आहे. ती मोडीत काढावी असे मला वाटत नाही. परंतु ती स्वीकारताना एक अट घालावी, आणि ती अट यंत्राला नसून यंत्रणेला असावी: ज्या बाईला फोन जाणार आहे तिच्यासाठी तपासणीची तारीख, जागा आणि तपासणारे माणूस आधी ठरलेले असावे, ते नसेल तर फोन जाऊ नये.

ही अट सुचण्याचे कारण याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. धाराशिव जिल्हा जेव्हा उस्मानाबाद होता, तेव्हा १९९९च्या अखेरीस तिथे एक मोठी वैद्यकीय चाचणी सुरू झाली. गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयोगटातल्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार भागांत विभागणी करण्यात आली. एका भागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी, तिसऱ्यात पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी, आणि चौथ्या भागात काहीही नाही. म्हणजे नेहमीची जी सेवा असेल ती आणि तपासणी कुठे करून घेता येते याची माहिती. सुमारे आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २००९मध्ये प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी एकदाच देऊ केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, तर चौथ्या गटातल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४.

या चाचणीतल्या चौथ्या गटाला तपासणीविना ठेवण्यावर पुढे नैतिक टीका झाली आणि ती टीका मला पटते. पण झालेली गोष्ट झाली, आणि तिच्यातून मिळालेला धडा तरी वाया जाऊ नये. सहायकाच्या समर्थकांनी तो चौथा गट लक्षपूर्वक पाहावा. त्या स्त्रियांना माहिती होती, तपासणी नव्हती. आभासी सहायक कितीही गोड बोलला, कितीही वेळा बोलला, तरी त्याच्या फोननंतर बाई जर तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचलीच नाही, तर आपण काही कोटी रुपये खर्चून तो चौथा गटच नव्याने उभा केला असे होईल.

यावर एक उत्तर देता येते, आणि तेही याच मुलखातले आहे. १९८७मध्ये बार्शीला टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यातला, परंतु नोंदणीच्या कक्षेत मराठवाड्यातले परंडा आणि भूम हे तालुकेही घेतले गेले. रुग्णांची नोंद घेण्यासाठी कर्मचारी गावोगाव फिरत, सरपंच, मास्तर, दाई यांच्याशी बोलत, लक्षणे समजावून सांगत, आणि बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात या म्हणत. काही वर्षांनी असे दिसून आले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्या आहेत. तिथे कोणती नवी चाचणी आली नव्हती. बोलण्यानेच फरक पडला होता. म्हणजे बोलण्याला अर्थ आहे, हे मान्य करायला हवे. फक्त ते बोलणे कसले होते, हेही पाहायला हवे. बोलणारा माणूस दर काही महिन्यांनी त्याच गावात परत येत होता, मागच्या वेळी कोणाला काय सांगितले ते त्याच्या लक्षात होते, आणि तो ज्या दवाखान्याचे नाव घेत होता तो एस.टी.च्या टप्प्यात होता. आठवण ठेवणे आणि परत येणे ही कामे यंत्राला करता येतील, कदाचित माणसापेक्षा चांगली करता येतील. एस.टी.च्या टप्प्यातला दवाखाना मात्र यंत्राला निर्माण करता येत नाही.

फ्लोरिडाच्या उदाहरणाकडे या नजरेने पाहिले म्हणजे त्यातला फरक कळतो. तिथला सहायक ज्या चाचणीची गोडी लावत होता, ती घरच्या घरी शौचाचा नमुना घेऊन पाठवण्याची होती. बोलणे आणि तपासणी यांत अंतर होते ते स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंतचे. आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रमात २०१६पासून तिशीवरच्या सर्वांची दर पाच वर्षांनी तोंडाची आणि स्त्रियांची स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी करायची आहे. आशाताईने घरी येऊन आजाराचा धोका जोखणाऱ्या प्रश्नांची यादी भरायची, चारच्या वर गुण पडले तर आधी तपासणीला पाठवायचे, असा आराखडाही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या १.९ टक्के होत्या, आणि स्तनतपासणी झालेल्या ०.९ टक्के. त्या फेरीत करोनाचा काळ येतो, हे धरूनही आकडा लाज वाटावी असाच आहे. या स्त्रियांना कोणी सांगितलेच नाही म्हणून त्या गेल्या नाहीत, असे समजणे ही शहरात बसून केलेली कल्पना आहे. उपकेंद्रात आडोसा नाही, तपासणारी नर्स लसीकरणाला गेलेली, दिवस मजुरीचा, आणि "काही दुखत नसताना कशाला जायचं" या प्रश्नाला घरातून कोणाचा पाठिंबा नाही, असा तो सगळा गुंता आहे.

विषाणूच्या चाचणीसाठीचा नमुना बाईला स्वतःच घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनी या चाचणीला पहिली पसंती दिली आणि स्वतः घेतलेला नमुना चालतो असेही सांगितले. आभासी सहायक खऱ्या अर्थाने उपयोगी पडेल तो इथे: रात्री कामे आटोपल्यावर, दार लावून, कोणाला न सांगता, एका धीराच्या आवाजाने पायरीपायरीने समजावून सांगितले तर माझ्या मावशीसारखी बाईसुद्धा ते करील असे मला वाटते. तेव्हा पैसा मोजकाच असेल तर तो आधी नमुन्याच्या काड्या, प्रयोगशाळा आणि दोष सापडलेल्या स्त्रीच्या उपचारावर जावा, आणि त्यांच्या मागून सहायकावर. उलट क्रम लावला तर उद्घाटन लवकर होते, एवढाच त्याचा फायदा.

बीड जिल्ह्याबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या २०१९मध्ये आल्या, त्यावर विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहाजणींत एक. पांढरे जाते, पोट दुखते अशी तक्रार घेऊन गेलेल्या कितीतरी बायकांना "पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल" असे सांगण्यात आल्याचे त्यांच्याच तोंडून पुढे आले. मुकादमाकडून उचल घेतलेली, एक खाडा पडला तर दंड भरावा लागणारी बाई पाळीच्या कटकटीतून सुटका म्हणूनही ते मान्य करीत होती. या भागात 'कॅन्सर' हा शब्द एकदा भीती विकण्यासाठी वापरला गेला आहे. तिथे फोनवरचा अनोळखी आवाज "तुम्हाला धोका असू शकतो" असे म्हणून थांबला, आणि तपासणीची तारीख न देता थांबला, तर ती बाई कुठे जाईल? ज्याच्याकडे शस्त्रक्रियेची खोली तयार आहे त्याच्याकडे. म्हणून मराठवाड्यासाठी सहायक घडवणाऱ्यांनी त्याच्या तोंडी दोन वाक्ये आधी घालावीत: आम्ल लावल्यावर पांढरा डाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नाही, आणि पिशवी काढा असे कोणी म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरला, शक्यतो सरकारी महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. नावे सांगावीत आणि तिथला वार सांगावा.

याच ऊसतोड कुटुंबांच्या बाबतीत यंत्राची बाजू मला मनापासून घ्यावीशी वाटते. दसऱ्यानंतर गावे रिकामी होतात, कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. आशाताईच्या वहीत ही बाई 'बाहेरगावी' या शेऱ्याखाली संपते. ज्याला एका गावाच्या वहीचे बंधन नाही असा सहायक तिला "तुम्ही आता कोणत्या फडावर आहात?" असे विचारू शकतो, तिथले जवळचे ग्रामीण रुग्णालय सांगू शकतो, आणि चैत्रात ती परत आली की मागची नोंद घेऊन पुन्हा बोलू शकतो. गावात नसलेल्या बाईचा पिच्छा पुरवणे हे काम आजच्या व्यवस्थेत कोणाचेच नाही, आणि यंत्राला ते नीट जमेल. अडचण एवढीच की रिचार्ज संपला की नंबर बदलतो, आणि फोन 'कोयत्या'चा असतो, म्हणजे नवरा-बायको दोघांचा मिळून एक, प्रत्यक्षात नवऱ्याचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच फेरीत स्वतः वापरायचा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशभरात ५४ टक्के निघाल्या होत्या. उरलेल्या ४६ जणींशी अंगावरून जाण्याबद्दल किंवा स्तनातल्या गाठीबद्दल बोलायचे तर आधी तिच्या मुलाशी किंवा दिराशी बोलावे लागते, आणि तो विषय तिथेच संपतो. तिची उत्तरे कोणाच्या संगणकात साठणार आणि ती विमा विकणाऱ्याच्या हाती जाणार नाहीत याची हमी कोण देणार, हा प्रश्नही २०२३च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने आपोआप सुटलेला नाही.

तोंडाच्या कर्करोगाबाबत पुरुषांच्या खिशातला फोन मात्र अडचण न ठरता सोय ठरावी. २०१६-१७च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी २४.४ टक्के लोक धूर न काढणारी तंबाखू वापरताना आढळले. राज्यात २०१२पासून गुटख्याला बंदी आहे; आणि टपरीवर मसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी घेऊन गिऱ्हाईक ती तळहातावर एक करते, हे कोणीही पाहू शकतो. साधी सुपारी निरुपद्रवी असते अशी आपली पक्की समजूत. प्रत्यक्षात आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच, तंबाखूशिवायही, मानवात कर्करोग करणारा पदार्थ ठरवले आहे. पाहुण्यापुढे पानाचे तबक सरकवणाऱ्या घरात हे कोणी सांगितलेले नसते. आणि बायकांची मिश्री तर तंबाखूत मोजलीच जात नाही. "मी कुठं तंबाखू खाते, नुसती मिश्री लावते" हे वाक्य यादी भरणाऱ्या आशाताईने रोज ऐकलेले असते. सहायकाने "तंबाखू घेता का?" असे विचारले तर त्याला उत्तर 'नाही' मिळेल आणि तो समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळेल. मिश्री, सुपारी, मावा ही नावे घेऊन त्याने विचारायला हवे. "आरशासमोर उभे राहा, तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जातात का पाहा" एवढे सांगितले तरी टपरीवरचा पोरगा ते करून पाहतो, कारण त्यात पैज लावता येते. बोटे जात नसतील तर दंतवैद्याकडे जायला हवे हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरमला झालेल्या चाचणीत नुसत्या डोळ्यांनी तोंड तपासल्याने तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५मध्ये प्रसिद्ध झाले. त्याला बॅटरी आणि शिकवलेली नजर एवढेच लागते.

आता खाण्याकडे वळतो. आहाराबाबत हे सहायक जे बोलतात ते बहुधा बरोबर असते आणि बहुधा निरुपयोगी असते. भाज्या-फळे भरपूर खा, साखर कमी करा, भरड धान्ये खा. ज्या मुलखाची ओळखच ज्वारीची भाकरी ही होती, तिथल्या बाईला भरड धान्याचे महत्त्व यंत्राकडून ऐकावे लागावे यातली गंमत सोडून देऊ. पण तिच्या घरात भाकरीच्या जागी पोळी-भात कसा आला, हे त्या यंत्राला ठाऊक असायला हवे. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, ज्वारी अलीकडे अनेकदा गव्हापेक्षा महाग पडते, सोयाबीनने रान व्यापले, आणि भाकरी थापायला जो वेळ व जळण लागते ते रोजाने जाणारीकडे नसते. तिला "ज्वारी खा" म्हणणे म्हणजे तिच्या आईने तिला आधीच सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगणे आहे. त्यापेक्षा घरात आधीच असलेल्या गोष्टींबद्दल बोलावे. बांधावरची घोळ, तांदुळजा, अंबाडी, करडईची कोवळी पाने यांना शहरात दर आला म्हणून गावातून ती नाहीशी होऊ नयेत. दुसरे उदाहरण शेंगदाण्याचे. चांगल्या शेंगा बाजारात जातात आणि भिजलेले, काळे पडलेले, बुरसट दाणे घरच्या चटणीसाठी राहतात. त्या बुरशीतून तयार होणारे अ‍ॅफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाचे सिद्ध झालेले कारण आहे, आणि ते भाजल्याने पूर्णपणे जात नाही. "बुरसट दाणे निवडून फेकून द्या, चटणीत घालू नका" हा सल्ला फुकट आहे, आजच अमलात येणारा आहे, आणि परदेशी मजकुरावर पोसलेल्या यंत्राला तो बहुधा सुचणार नाही. तिला सुचवले जाईल ते ऑलिव्हचे तेल.

आणखी एक खटकणारी गोष्ट अशी की आहाराचा सल्ला नेहमी बाईलाच दिला जातो, जणू बाजारहाटाचे पैसे तिच्याच कनवटीला असतात. नातवाच्या हाती पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा ठेवणारे आजोबा असतात, लेकीच्या लग्नाच्या पंगतीत तीन गोड पदार्थ ठेवणारे वडील असतात, दारूवर पैसे घालवणारा नवरा असतो. आणि मीठ-साखर कमी करा हा फोन येतो तो सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवणारीला. आहाराचे फोन निदान अर्धे तरी पुरुषांना जावेत. शिवाय आहाराच्या गोड बोलण्यात तपासणी बुडून जाऊ नये. लिंबू-पाण्याने, हळदीने कर्करोग बरा झाल्याचे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच फिरतात. "नीट खाल्ले की होत नाही" अशी समजूत सहायकाकडून नकळत घट्ट झाली तर जी बाई टेबलापर्यंत येणार होती तीही घरी थांबेल.

हा प्रयोग करायचाच असेल तर तो परंडा आणि भूम तालुक्यांत करावा, असे मी सुचवीन, कारण तिथे कर्करोगाची जुनी नोंदणी आहे आणि फोन सुरू झाल्यावर स्त्रिया खरोखर लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या की नाही, हे काही वर्षांत सांगता येईल. हिशेबही तोच ठेवावा: किती फोन गेले, किती मिनिटे बोलणे झाले हे आकडे कोणी विचारू नयेत, किती जणी टेबलावर आल्या आणि दोष निघालेल्यांपैकी किती जणींवर उपचार पूर्ण झाले, एवढेच दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावे. सहायकाचा पहिला वापर बायकांनी न करता आशाताईंनी आणि आरोग्यसेविकांनी करावा. कोणाची तारीख चुकली, कोण फडावरून परतले, कोणाला दुसऱ्यांदा बोलवायचे आहे, याची आठवण त्यांना व्हावी, आणि दारात बोलायला मात्र ओळखीचे माणूस जावे. त्यासाठी उपकेंद्रात कोणत्या दिवशी कोण हजर आहे ही माहिती त्या यंत्राला रोज मिळायला हवी, आणि अवघड आहे ते हेच, कारण ती माहिती आज कागदावरही खरी नसते.

दिवाळीनंतर मी पुन्हा मावशीकडे गेलो होतो. आशाताई आल्या, ओट्यावर बसल्या, चहा झाला, आणि गुरुवारी उपकेंद्रात तपासणी आहे, या, असे त्यांनी सांगितले. मावशीने एकच विचारले, "त्या दिशी नर्सबाई असतीया का, का सही करून परत लावायलेत?" आशाताईंनी तिथूनच फोन लावला. नर्सबाई गुरुवारी प्रशिक्षणाला जिल्ह्याच्या गावी जाणार होत्या. "मग पुढल्या गुरुवारचं सांग," मावशी म्हणाली, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर मला खूण करायला लावली.